फरहानाखालाची लेपगोळी

सौदीतल्या जुबैलच्या त्या बिल्डिंगीत कुणाला शिंक आली तरी फरहानाच्या कानावर गेल्याशिवाय ती पुरी होत नसे. गुहागरच्या बाजूची बाई. लग्न होऊन आली तेव्हा समोर नुसती रेती होती, आता मॉल आहे. नवरा कंपनीच्या बस चालवतो, शिफ्ट पोचवतो आणि शिफ्ट आणतो, त्यामुळे कोणत्या प्लँटात कुणाचं काय चाललंय ते त्याला कळतं; आणि त्याला कळलं की ते घरी राहत नाही. बाई गोड, हाताला चव, जिभेला धार. कुणाचं बाळंतपण असो की कुणाचा इकामा, इथं राहायचा परवाना, अडकलेला असो, फरहाना हजर. अरबी तर अशी बोलते की भाजीवाला तिला बघून भाव आधीच उतरवतो.

पण तिचा खरा मान होता तो औषधांसाठी. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत सुकट असे, कोकमं असत आणि एका प्लास्टिकच्या पुडीत फरहानासाठी लेपगोळ्या असत. काळ्या, टणक, कोळशासारख्या. पाय मुरगळला, गाल सुजला, गुडघा धरला, की फरहाना सहाण घेऊन निघाली. गोळी उगाळायची, पळीत कोमट करायची आणि बोटाने सुजेवर फिरवायची. तोंडाने बिल्डिंगीतल्या बातम्या चालू. सूज उतरे ती लेपाने की बातम्यांनी, हे कुणी कधी तपासलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर सफूरा राहायची. जाफरची बायको. जाफर प्लँटात मेंटेनन्सला, माणूस चांगला, पण प्लँटाचं शटडाऊन आलं, म्हणजे सगळं बंद ठेवून दुरुस्ती निघाली, की घरच्यांना त्याचं तोंड फक्त झोपलेलं दिसायचं. सफूरा रत्नागिरीहून येऊन फार दिवस झाले नव्हते. मूल नाही, ओळख नाही, भाषा नाही. तिला थायरॉईड होता. तोही साधा नव्हे. आपलंच शरीर आपल्या गळ्यातल्या ग्रंथीवर उठतं, त्यातला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळी उपाशी पोटी एक गोळी, चुकवायची नाही. ती बिचारी घेत होती.

फरहानाला हे ठाऊक होतं. बिल्डिंगीत जे काही होतं ते फरहानाला ठाऊक होतंच.

एका दुपारी सफूरा ओढणी सारखी करताना थबकली. गळ्यापाशी, जबड्याच्या खाली, बोटाला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. त्याच्या शेजारी आणखी एक.

"खाला, हे बघा ना. गाठ आहे की काय?"

फरहानाने मान वाकडी केली, दोन बोटांनी चाचपलं, आणि हकिमासारखी मान हलवली. "अगं, सर्दी आतल्या आत बसलीय. हा एसी चोवीस तास. गळा सुजणारच."

"डॉक्टरकडे जाऊ?"

"जा की. जाफर शटडाऊनला, तू एकटी, आणि इथले डॉक्टर हातात कात्री घेऊनच बसलेत. गेलीस की कापतील." मग तिची हनुवटी धरून म्हणाली, "मी आहे ना गं, वेडे. लेप लावते. आठवड्यात साफ."

आणि उठता उठता ती एक वाक्य बोलली. तेच वाक्य पुढे तिला भाजीत मीठ टाकताना, नमाजाआधी वजू करताना, नवऱ्याचा डबा भरताना आठवत राहिलं. तिच्या आजीने सांगितलेलं, आईने सांगितलेलं, न विचारता आलेलं.

"आणि हां, लेप आहे तोवर ती गोळी नको घेऊ. औषधावर औषध चालत नाही."

सफूरा क्षणभर घुटमळली. "पण डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर रत्नागिरीत आहे, मी इथं आहे."

सफूरा हसली. गोळ्यांची बाटली फ्रिजवरच राहिली.

मग रोज दुपारी फरहाना सहाण घेऊन खाली. लेप आणि बातम्या. सादियाच्या मुलीने शाळेत काय केलं, कुणाचा कफील, व्हिसा देणारा मालक, कसा हरामी निघाला, कोण कुणाशी बोलत नाही. सफूरा डोळे मिटून ऐकायची. गाठी काही हलल्या नाहीत. उलट सफूराच जड होऊ लागली. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. बाहेर तव्यासारखी जुबैल तापलेली, आणि ही एसी बंद करून गोधडीत. दार वाजवलं तर उघडायला वेळ, उघडलं तर डोळ्यांवर झोप.

फरहानाला त्यात विनोदच दिसला. दिसणारच, तिला कशात दिसत नाही? बायकांच्या ग्रुपवर तिने टाकलं, "आमच्या सफूराला झोपेचा इकामा मिळालाय, दोन वर्षं रिन्यू करायला नको." सगळ्या हसल्या. कुणी झोपलेल्या मांजरीचं चित्र टाकलं. सफूरानेही हसरा चेहरा टाकला, संध्याकाळी, उठल्यावर.

शटडाऊन जरा सैल पडलं तसं जाफरला एक दिवस जेवताना बायको दिसली. नीट दिसली. घास हातात ठेवून तो बघत राहिला. "तुझ्या गळ्याला काय झालंय?" दुसऱ्या दिवशी ड्युटी होतीच. त्याने वर येऊन फरहानाचं दार वाजवलं.

"खाला, तुम्ही तिला दवाखान्यात न्याल का? मला सोडत नाहीयेत. तिला भाषा येत नाही. तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला?"

"अरे, त्यात काय सांगायचं! नेते की," फरहाना म्हणाली. अजून तिला काही वाटत नव्हतं. अबाया घातला, पर्समध्ये बडीशेप घेतली, आणि निघाली.

डॉक्टरीणबाई मिसरी, म्हणजे इजिप्तची होती. हळू बोलणारी, बोटं मऊ. तिने सफूराच्या गळ्यावरून बोटं फिरवली, डावीकडे, उजवीकडे, खाली. फिरवतच राहिली. तिला जे तीन-चार जागी सापडत होतं ते फरहानाच्या बोटांना दोनच जागी सापडलं होतं. मग तिला गळ्यावरचा तपकिरी डाग दिसला.

"हे काय?" तिने अरबीत विचारलं.

फरहानाच्या तोंडून निघून गेलं, "हिना."

"गळ्यावर हिना?"

"आमच्याकडे असते," फरहाना म्हणाली. सफूराला काही कळलं नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती असं नाही. पण ते गंमतीचं. हे तसं नव्हतं.

डॉक्टरीणबाईने जुने कागद पाहिले. "थायरॉईडची गोळी? रोज घेते?"

आता मधे फरहाना होती. विचारायचं तिनेच, सांगायचंही तिनेच. ती सफूराकडे वळली. "गोळी रोज घेतेस का, विचारतात."

सफूराने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं फरहाना विसरू म्हटलं तरी विसरली नाही. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. एखादी पोर आपल्या आईला भरल्या बाजारात उघडं पडू देत नाही, तसं काहीसं होतं.

"घेते म्हणून सांगा," सफूरा हळूच म्हणाली.

आणि फरहानाने सांगितलं. "ऐवा दोक्तोरा, कुल्ल योम." हो डॉक्टर, रोज. अरबी अगदी स्वच्छ.

रक्त घेतलं. सोनोग्राफी झाली. तिथला माणूस पडद्यावर काळे काळे ठिपके मोजत राहिला, आणि बाहेर आल्यावर केरळची नर्स हिंदीत म्हणाली, "गाठें बहुत हैं, अम्मा. सुई डालकर देखना पड़ेगा."

"क्या देखना पड़ेगा?"

नर्सने सफूरा ऐकत नाही ना ते पाहिलं. "वही. कैन्सर तो नहीं."

फरहानाने बडीशेपेचा डबा उघडला आणि बंद केला.

सुईची मंजुरी इन्शुरन्सकडून यायची होती, मग सुई, मग रिपोर्ट. त्या मधल्या दिवसांत फरहाना गप्प झाली. ही बातमी बिल्डिंगीत एखाद्या प्लँटात भडका उडाल्यासारखी पसरली. सादिया, समोरच्या फ्लॅटातली, चमचाभर साखर मागायच्या निमित्ताने येऊन गेली, मग कोथिंबिरीच्या निमित्ताने.

"खाला, बरं नाही का?"

"बरी आहे."

"ग्रुपवर पण नाही तुम्ही. अख्खा आठवडा कोणाचं काही कळलं नाही हो. कंटाळा आला."

"मग वाच काहीतरी."

सादियाने तोंडावर हात ठेवला. असं उत्तर फरहानाकडून यायचं म्हणजे घरात मौत झाली असणार.

मौत नव्हती, पण फरहानाच्या मनात तीच बसली होती. तिने ठरवून टाकलं होतं की गाठ तिनेच वाढवली. रोज चोळली, रोज शेकली. आत जे झोपलेलं होतं ते उठवून बसवलं. आणि गोळी? गोळी बंद करून पोरीला आतून थंड करत आणली, आणि वर झोपेचा इकामा म्हणून हसवलं गाव. बायका अजून तो विनोद वापरत होत्या. एकीने तर कालच लिहिलं होतं, "सफूरा कुठाय? इकामा चालू वाटतं." फरहानाने ते वाचलं आणि फोन तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला.

नवरा बसवरून आला तर ही नमाजाच्या मुसल्ल्यावर. जेवण गार.

"काय झालंय तुला?"

"काही नाही."

"कुणाचं काही ऐकलंस?"

"मीच ऐकवलंय," ती म्हणाली. नवऱ्याला काही कळलं नाही. पंचवीस वर्षांत त्याला बायको पहिल्यांदा न कळण्यासारखी वाटली, आणि तो घाबरून स्वतःच भात गरम करायला उठला.

अल्लाहकडे तिची मागणी सोपी होती आणि लाजिरवाणी होती. सफूरा बरी होऊ दे, ही एक. आणि त्याच्या पाठोपाठ, न बोलावता येणारी दुसरी: माझं नाव निघू नये. पहिली मागताना ती रडायची. दुसरी मागितली जाते हे कळून आणखी रडायची.

सफूरा मात्र तशीच होती. आता गोळी पुन्हा घेत होती, स्वतःच्या मनाने. फ्रिजवरची बाटली खाली आली होती. फरहाना दुपारी जायची तर सहाण नसे. "खाला, लेप?" सफूराने एकदा विचारलं.

"नको आता. डॉक्टरने बघितल्यावर नको," म्हणून फरहाना दारातूनच वळली. गाठींकडे तिला बघवत नव्हतं.

रिपोर्टच्या दिवशी शटडाऊन संपलेलं होतं. जाफर स्वतः आला, इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. "खाला, तुम्हीही चला. तुम्ही पहिल्यापासून आहात." फरहानाला वाटलं, त्यापेक्षा बसखाली गेलेलं बरं. पण अबाया घातला.

डॉक्टरीणबाई या वेळी जाफरशी इंग्रजीत बोलली, कारण त्याला येत होतं. फरहानाची गरजच उरली नव्हती. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून जाफरचा चेहरा वाचत होती. चेहरा आधी ताणलेला, मग सैल, मग एकदम लहान पोरासारखा झाला.

"साधं आहे," तो सफूराकडे वळून म्हणाला. "कॅन्सर नाही. काही नाही तसलं. त्या थायरॉईडबरोबर गळ्यातल्या ह्या गाठी कधी कधी फुगतात, म्हणतात. आत भांडण चालू असतं ना, तर शेजारपाजार पण जागा होतो, तसं. काही महिन्यांनी परत सोनोग्राफी करून बघायचं, वाढत नाहीत ना एवढंच."

सफूराने तोंड ओढणीत घातलं. फरहानाच्या तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघालं ते इतक्या जोरात की बाहेरची नर्स डोकावली. सुटली. तिच्या मनातली गाठ सुटली होती. पोरगी वाचली होती, आणि कुणाला काही कळलं नव्हतं. अल्लाहने दोन्ही मागण्या ऐकल्या होत्या.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई रक्ताच्या कागदाकडे बघून जाफरला काही म्हणाली. कपाळाला आठी. जाफर सफूराला समजावून सांगू लागला, "थायरॉईडचा आकडा खूप वर गेलाय. म्हणतात, रोज गोळी घेऊन एवढा वर असेल तर गोळी कमी पडतेय. डबल करतायत."

डॉक्टरीणबाईने लिहायला घेतलं.

फरहानाला औषधाचं फार कळत नव्हतं, पण तिखटाचं कळत होतं. भाजीत तिखट घातलंच नाही आणि वर सांगितलं की घातलं होतं, तर दुसऱ्या वेळी हात दुप्पट पडणार, आणि खाणाऱ्याची जीभ जळणार. सफूरा खाली मान घालून बसली होती. ती बोलणार नव्हती. तिने एकदा फरहानाची लाज राखली होती, ती परत राखणार होती, त्या डबल गोळीने छाती धडधडेपर्यंत राखणार होती.

फरहाना उठली. जाफरला कळू नये म्हणून, आणि यातच तिची सगळी अक्कल दिसते, ती अरबीत बोलली. भरभर, हळू आवाजात, टेबलावर वाकून. ती गोळी घेत नव्हती, दोक्तोरा. महिनाभर नाही घेतली. मी सांगितलं बंद कर म्हणून. ती हिना नव्हती. मी गळ्याला गावचं औषध लावत होते. मागच्या वेळी मीच खोटं सांगितलं, तिने नाही. डबल देऊ नका.

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. फरहानाकडे पाहिलं. मग जाफरकडे वळली आणि तेच सगळं, शब्दाला शब्द, स्वच्छ इंग्रजीत त्याला सांगितलं.



जाफरने फरहानाकडे पाहिलं नाही. सफूराकडे पाहिलं. "खरं?"

सफूराने मान हलवली.

पुढचं बोलणं डॉक्टर आणि जाफरमध्येच झालं. गोळी पहिलीच, रोज, उपाशी पोटी, आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा. गळ्याला काहीही लावायचं नाही, हे तिने बोट उचलून फरहानाला अरबीत वेगळं सांगितलं. फरहाना शाळेतल्या पोरीसारखी "हाजिर, हाजिर" म्हणत राहिली.

परतताना जाफर गाडी चालवत होता. फरहाना मागे बसली होती. रस्त्याकडेच्या खजुरी, पाइपलाइनी, दूरच्या प्लँटांच्या धुराड्यांवरची ज्योत, सगळं नेहमीचं. तिला वाटत होतं, याने ओरडावं. म्हातारी, अक्कल गहाण टाकली होतीस का, असं काहीतरी म्हणावं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. फरहानाने आयुष्यात कुणाला उत्तराशिवाय सोडलं नव्हतं.

बिल्डिंगपाशी गाडी थांबवून जाफर म्हणाला, "मी तिथं नव्हतो, खाला. मी असतो तर तुमच्यावर वेळ आली नसती." एवढंच. आणि गाडी लावायला गेला. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तिचा गुन्हा त्याने उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला, आणि परत मागायला फरहानाला तोंड नव्हतं.

जिन्यात सफूरा पुढे, ती मागे. दुसऱ्या मजल्यावर सफूराने चावी काढली, पण दार उघडलं नाही.

"खाला, तुम्ही सांगितलंत म्हणून मी गोळी बंद नव्हती केली."

"मग?"

"मला माहीत होतं बंद करू नये. डॉक्टरांनी शंभर वेळा सांगितलं होतं." ती चावीशी खेळत होती. "पण गोळी चालू ठेवली असती तर तुम्ही लेप थांबवला असता ना. मग रोज दुपारी कशाला आला असतात? इथं माझ्याशी बोलतं कोण?"

फरहानाला आठवत होतं, ती रोज दुपारी का जायची ते. लेपासाठी जायची, हे खरं. पण सफूराच्या घरून निघालं की सांगायला नवं काही मिळायचं, हेही खरं. झोपेचा विनोद तिथंच सापडला होता, तिच्या उशाशी बसून.

"मी तुझ्यावर हसवलं सगळ्यांना," ती म्हणाली.

"माहितेय. मी पण ग्रुपमध्ये आहे." सफूरा किंचित हसली, मग हसली नाही. "वाईट वाटलं होतं." तिने दार उघडलं, आत गेली, आणि दार लोटलं. बंद केलं की नुसतं लोटलं, हे फरहानाला वर जाईपर्यंत ठरवता आलं नाही.

वर सादिया दारातच उभी. हातात रिकामी वाटी, निमित्त कुठलं ते अजून ठरायचं होतं. "खाला! काय झालं रिपोर्टचं? सांगा ना, जीव टांगणीला लागलाय."

फरहाना थांबली. अशी तयार बातमी, अशी तयार ऐकणारी.

"गाठी साध्या आहेत. थायरॉईडमुळे सुजल्यात."

"अल्हम्दुलिल्लाह! म्हणजे तुमच्या लेपाने..."

"लेपाने काही झालं नाही. तिची गोळी मी बंद करवली, म्हणून ती झोपत होती, सुजत होती. डॉक्टरशी खोटंही मीच बोलले." सादियाचं तोंड उघडंच राहिलं. "हे ग्रुपवर टाक. माझं नाव घालून टाक. आणि झोपेचं काही कुणी लिहिलं परत, तर माझ्याकडे पाठव."

सादियाने वाटी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी तिने खाली बघून विचारलं, "म्हणजे मग... माझ्या गुडघ्याला लावली होतीत, ती?"

"गुडघ्याला चालते," फरहाना म्हणाली, "बहुतेक." आणि आत गेली. अबाया न काढताच ती स्वयंपाकघरात बसली. फोन वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता. तिने एकही मेसेज उघडला नाही. काय लिहिलं असेल ते तिला शब्दाशब्दासकट माहीत होतं, कारण दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर तिनेच लिहिलं असतं.